तिसऱ्या मजल्यावरचा ३२ इंची टीव्ही आणि मीटर रूममधला एक स्क्रू

मे महिना, शनिवार संध्याकाळ, मॅच सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नसतील आणि आमचा टीव्ही फट् करून बंद. वळवाचा पाऊस धो धो चाललेला, विजा कडाडत होत्या, त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी लगेच निकाल देऊन टाकला की वीज पडली. सासूबाई म्हणाल्या मी कधीची सांगतेय प्लग काढा म्हणून, सासरे काहीच बोलले नाहीत, फक्त रिमोट हातात धरून बसले होते दोन मिनिटं.

मी डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सची, नोकरी मात्र बँकेत, म्हणजे सोल्डरिंग गन घरात आहे पण वर्षातून दोनदा हातात येते. हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवतेय कारण यात मी एकदा साफ चुकले, आणि चूक टीव्ही दुरुस्त करण्यात नव्हती, टीव्ही तर पहिल्याच वेळी बरोबर दुरुस्त झाला होता.

आधी टीव्हीचं. ३२ इंची साधा एलईडी, सहा वर्षांचा. बंद पडल्यावर खालचा लाल स्टँडबाय दिवासुद्धा लागत नव्हता, आणि इथेच अर्ध्या शंका मिटतात. लाल दिवा लागत असेल आणि टीव्ही चालू होत नसेल तर रिमोट, पॅनलवरचं बटण, मेन बोर्ड, सॉफ्टवेअर अडकणं असं काहीही असू शकतं. लाल दिवा लागून टीव्ही चालू होतो, आवाज येतो पण चित्र काळं, तर अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारून बघायचं, पुसट चित्र दिसलं तर बॅकलाईटच्या पट्ट्या गेल्यात. पण दिवाच नाही म्हणजे बहुतेक स्टँडबायचे ५ व्होल्टच तयार होत नाहीयेत, रिमोटचे सेल बदलून काही उपयोग नाही (तरी सासऱ्यांनी बदललेच). दुसऱ्या सॉकेटला लावून बघितला, तिथे मोबाईल चार्ज होत होता, टीव्ही ढिम्म. मग प्लग काढला आणि प्लगच्याच दोन पिनांवर मल्टीमीटर धरला, ओहमवर. चांगल्या टीव्हीत आकडा क्षणभर हलतो, कारण आतला कपॅसिटर मीटरच्या सेलवर थोडा चार्ज होतो. इथे सरळ ओपन, म्हणजे करंटची वाटच तुटलेली. वायर बदलून बघितली, तरी ओपन. म्हणजे आतला फ्यूज उडालाय, हे टीव्ही न उघडताच कळलं.

रविवारी सकाळी मेकॅनिकला फोन केला तर त्याने फोनवरच सांगितलं की असल्या टीव्हीत एकच बोर्ड असतो, पॉवर, मेन आणि बॅकलाईट सगळं एकावरच, तो बदलावा लागेल, ३,८०० रुपये. बघितलं नाही, उघडलं नाही, डायरेक्ट ३,८००. मी म्हणलं थांबा, मी बघते.

गादीवर चादर, चादरीवर टीव्ही पालथा, मागचे अकरा स्क्रू काढून वाटीत. एक सांगते, आणि हे खरंच मनावर घ्या, प्लग काढलाय म्हणजे आत करंट नाही असं नसतं. पॉवरच्या भागात तो मोठा डब्यासारखा कपॅसिटर असतो ना, त्यावर लिहिलेलं असतं ४५० व्होल्ट, त्यात २३० चे साधारण ३२५ व्होल्ट डीसी साठलेले असतात आणि काही बिघाडांमध्ये ते तासभर तसेच राहतात. मी होल्डरमधे १५ वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून त्याच्या दोन वायरी ठेवल्यात, त्या कपॅसिटरच्या पायांना टेकवायच्या, मग मीटरने शून्य बघायचं आणि नंतरच हात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणारे लोक आहेत, ठिणगी उडते, बोर्डचा ट्रॅक उडतो, कधी कधी माणूसही उडतो.

फ्यूज काळ्या स्लीव्हमधे होता. स्लीव्ह कापली तर काच आतून आरशासारखी काळी-चंदेरी झालेली. फ्यूज कसा गेलाय हे बघायची सवय लावून घ्यावी, तार नुसती मधे तुटलेली असेल आणि काच स्वच्छ असेल तर म्हातारपण किंवा थोडासा ओव्हरलोड, पण काच अशी काळवंडलेली असेल तर पुढे कुठेतरी पक्का शॉर्ट झाला होता. आणि तो शोधायला लांब जावं लागलं नाही. फ्यूजच्या अगदी शेजारी एक निळी चकती असते, लिमलेटच्या गोळीएवढी, एमओव्ही म्हणतात, जुने मेकॅनिक व्हीडीआर म्हणतात. ती मधोमध तडकली होती आणि आजूबाजूला काजळी. नंबर निम्मा जळलेला, भिंगातून वाचला, १०डी४७१. म्हणजे १० मिलिमीटरची चकती, ४७० व्होल्टला वाहायला लागणारी, एसीमधे सलग ३०० व्होल्टपर्यंत गप्प बसणारी.

हिचं काम असं की ती लाईनमधे आडवी पडलेली असते आणि नेहमी काहीच करत नाही. व्होल्टेजचा फटका आला की ती तेवढ्यापुरती वाहते, तो फटका स्वतःच्या अंगावर घेते आणि परत गप्प होते, पण फटका झेपला नाही तर ती स्वतः शॉर्ट होऊन मरते आणि त्या शॉर्टने फ्यूज उडतो. पुढचा बोर्ड वाचतो. मीटरने तिच्या दोन पायांत ४ ओहम दाखवले, म्हणजे गेलीच. मग पुढचं तपासलं, ब्रिजचे (एसीचं डीसी करणारा भाग) चारही डायोड ठीक, मोठ्या कपॅसिटरवर शॉर्ट नाही, पॉवर आयसीच्या पायांत शॉर्ट नाही. बोर्ड जिवंत होता.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सोमवारी ऑफिसमधून परत येताना गेले. दुकानदार म्हणाला ताई एमओव्ही कशाला, नुसता फ्यूज टाका, टीव्ही चालतो. आणि चालतो खरंच, तेच तर. कित्येक दुरुस्त केलेल्या टीव्हींमधे ती जागा रिकामी असते, दोन छिद्रं आणि खाली नंबर. मी हट्टाने घेतली, पण एक देणार नाही म्हणाला, पाचचं पाकीट घ्या. पाच एमओव्ही, पाच फ्यूज (टी ३.१५ ए, हा टी महत्त्वाचा, स्लो फ्यूज, साधा टाकला तर चालू करतानाच्या झटक्यातच उडू शकतो) मिळून ऐंशी रुपये.

लावून झाल्यावर टीव्ही सरळ सॉकेटला लावायचा नाही. १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमधे घेऊन लावायचा, म्हणजे टीव्हीचा करंट त्या बल्बमधूनच जातो. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर अजून शॉर्ट आहे, आणि टीव्ही तरी सुरक्षित. आमचा बल्ब एकदा चमकला आणि मंद होत विझला, म्हणजे कपॅसिटर भरला आणि लोड थांबला. मोठ्या कपॅसिटरवर ३२४ व्होल्ट, पुढे स्टँडबायला ५.१, लाल दिवा लागला. ते ३२४ मोजताना मीटरची काळी वायर मोठ्या कपॅसिटरच्या मायनसला हवी, टीव्हीच्या पत्र्याला नाही. बोर्डवर एक पांढरी रेघ असते, तिच्या एका बाजूला मेन लाईनचं जग आणि दुसऱ्या बाजूला सुरक्षित जग, दोन्हीचं ग्राउंड वेगळं, इकडचं तिकडे धरलं की आकडे खोटे येतात. मग बल्ब काढून सरळ लावला आणि सासरे खुश. मी पण खुश. माझं निदान: वीज पडल्याने सर्ज (व्होल्टेजचा अचानक फटका), एमओव्ही शहीद, फाइल बंद.

फाइल बंद नव्हती.

नवव्या दिवशी, पुन्हा संध्याकाळी, पुन्हा फट्. बाहेर पाऊस नाही, वीज नाही, आभाळ कोरडं ठणठणीत. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या बघण्यात "तू दुरुस्त केलेलाच ना" एवढं सगळं होतं. मी वीस मिनिटांत मागचं झाकण उघडलं, यावेळी मोठ्या कपॅसिटरवर अजून ८४ व्होल्ट होते (म्हणून म्हणते बल्ब वापरा), आणि तीच चकती, तशीच तडकलेली, तोच फ्यूज तसाच काळा.

पाकिटात अजून चार होत्या. दहा मिनिटांचं काम होतं. आणि खरं सांगते, सोल्डरिंग गन गरमसुद्धा झाली होती. पण एमओव्ही काय उगाच मरत नाही. विजेचा सर्ज मायक्रोसेकंदांचा असतो, तो पचवायलाच ती बनवलेली आहे, अशा फटक्यांना ती बरीच वर्षं पुरते. नऊ दिवसांत दोन एमओव्ही म्हणजे फटका बारीक नाही, काहीतरी सलग तिच्या ३०० च्या वर राहतंय, काही सेकंद तरी, आणि ती भाजून मरतेय. टीव्हीत काही शोधायचं उरलंच नव्हतं. मी गन बंद केली आणि मीटर एसीवर टाकून सॉकेटमधे लावला. २३३ व्होल्ट. एकदम सज्जन आकडा.

आता इथे मला माझीच लाज वाटायला लागली, कारण घरातल्या गोष्टी आठवायला लागल्या. पंधरा दिवसांपूर्वी वायफायचा अडॅप्टर गेला होता, नवीन घेतला, विसरलो. बाथरूमचा एलईडी बल्ब महिन्यात दोनदा गेला, चायना माल म्हणून शिव्या घातल्या. फ्रिजचा स्टॅबिलायझर संध्याकाळी टक टक करतो म्हणून सासूबाई किती दिवस सांगत होत्या आणि मी म्हणत होते आई तो जुना झालाय. अहो तो जुना झाला नव्हता, तो व्होल्टेज जास्त झालं की फ्रिज तोडत होता आणि खाली आलं की परत जोडत होता. घरातला एकमेव शहाणा तो होता.

मीटरकडे बघत कोण बसणार, आणि माझ्या स्वस्त मीटरला मॅक्सिमम लक्षात ठेवायची सोय नाही, म्हणून मोबाईल डब्याला टेकवून मीटरचं व्हिडिओ शूटिंग लावून दिलं, संध्याकाळी सात ते नऊ. जेवण झाल्यावर पळवत बघितलं. २३१, २३३, २३०, असंच चाळीस मिनिटं. ७ वाजून ४१ मिनिटांनी आकडा हलला, २४६, २५८, परत २३२. ७:५२ ला २७४, २९१, २८८, आणि पाठीमागे स्टॅबिलायझरची टक ऐकू येतेय व्हिडिओमधे, आणि पंख्याचा आवाज बदललेला. मग ३०७. चार सेकंद. मग धाडकन २३५. मी तो तुकडा सहा-सात वेळा बघितला असेल.

सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, कोणाकडे संध्याकाळी लाईट कमी-जास्त होते का. तिसऱ्या मजल्यावरून उत्तर येणारच नव्हतं कारण तिथे मेमधे फक्त आम्ही असतो, एक फ्लॅट वर्षभर बंद, दोन कुटुंबं गावाला. दुसऱ्या मजल्यावरून काही खास नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा मेसेज आला, "अगं आमच्याकडे जास्त नाही उलट कमीच, परवा मिक्सर फिरेना, चटणी तशीच राहिली, आणि ट्यूब लुकलुकते."

त्यांच्याकडे कमी आणि त्याच वेळी आमच्याकडे जास्त. हे वाचलं आणि खुर्चीतच सरळ बसले. न्यूट्रल.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी. बिल्डिंगला तीन फेज (वीज आणणाऱ्या तारा) येतात आणि एक न्यूट्रल (परतीची तार), आमच्याकडे वायरमनने सोपं म्हणून प्रत्येक मजल्याला एक फेज दिलेली, पहिला लाल, दुसरा पिवळा, तिसरा निळा, आणि न्यूट्रल सगळ्यांचा एकच. आता समजा तीन जण तीन दिशांना उभे आहेत, तिघांच्या दोऱ्या मधे एका गाठीत बांधल्यात आणि ती गाठ खुंटीला पक्की आहे. प्रत्येक दोरीची लांबी म्हणजे त्या मजल्याचं व्होल्टेज, २३०. कोणी कितीही ओढा, गाठ हलत नाही. खुंटी म्हणजे न्यूट्रल. ती खुंटी निसटली की जो जोरात ओढतो, म्हणजे ज्याचा लोड जास्त, त्याच्याकडे गाठ सरकते. त्याची दोरी आखूड होते, व्होल्टेज पडतं, मिक्सर फिरत नाही. आणि जो नुसता दोरी धरून उभा आहे, एक पंखा एक टीव्ही एक फ्रिजवाला, त्याची दोरी लांब होते. किती लांब? दोन फेजमधे ४०० व्होल्ट असतात, तर न्यूट्रल पूर्ण सुटला आणि लोडमधे खूपच फरक असला तर जवळजवळ तिथपर्यंत.

पहिल्या मजल्यावर चार घरं भरलेली, तीन घरांत एसी. आमच्या मजल्यावर आम्ही एकटे. मे महिना, संध्याकाळची वेळ. एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की आमचा आकडा वर. आमचा न्यूट्रल पूर्ण सुटलेला नव्हता, नाहीतर पहिल्याच दिवशी सगळंच गेलं असतं, तो सैल होता, लोड वाढला की तापून अजून सैल, मधेच परत टेकायचा. म्हणून मी मोजला तेव्हा २३३.

लोक विचारतात एमसीबी का नाही पडला, आरसीसीबी बसवलाय तो का नाही पडला. एमसीबी करंट बघतो, व्होल्टेज बघतच नाही. आरसीसीबी बघतो की गेलेला करंट आणि परत आलेला करंट सारखा आहे का, आणि इथे तो सारखाच असतो, फक्त व्होल्टेज भलतंच असतं. स्पाईक गार्डमधे काय असतं तर तीच निळी चकती, जी आमच्या टीव्हीत भाजून मेली. वाईट याचं वाटतं की हे सगळं मला पुस्तकात होतं, तिसऱ्या सेमला, स्टार कनेक्शन अनबॅलन्स लोड, फेजर डायग्राम काढून मार्कसुद्धा मिळवलेत.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी काकांना व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले तुमच्याच घरात काहीतरी असेल. मग मी त्यांना संध्याकाळी आमच्याकडे चहाला बोलावलं, मीटर समोर ठेवला, आणि त्यांच्या मिसेसना (ते पहिल्या मजल्यावर राहतात) फोन करून सांगितलं की काकू एसी आणि गीझर दोन्ही लावा. २३४ चा २७९ झाला, चहा पिता पिता. फोनवरून काकू म्हणाल्या अहो ट्यूब बारीक झाली. काकांनी कप खाली ठेवला.

लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन आला, मेन स्विच पाडून मीटर रूमचा पॅनल उघडला. हे काम मी केलं नाही आणि कोणी घरच्या घरी करूही नये, तिथे चूक झाली तर फ्यूज वगैरे काही वाचवत नाही. न्यूट्रल लिंक म्हणजे पितळेची एक पट्टी, त्यावर स्क्रू. आत आलेल्या जाड ॲल्युमिनियम केबलचं टोक त्या पट्टीवर, आणि त्या टोकाजवळचं काळं इन्सुलेशन तपकिरी होऊन पापडासारखं कडक झालेलं, हात लावला तर तुकडा पडला. पट्टीवर पांढरी भुकटी. त्याने पक्कड न घेता नुसत्या दोन बोटांनी स्क्रू फिरवला आणि तो फिरला. तो म्हणाला बघा मॅडम. मी बघितलं, फोटोही काढला.

ॲल्युमिनियमचा हा स्वभावच आहे, मऊ धातू, स्क्रूच्या दाबाखाली वर्षानुवर्षं हळूहळू सरकतो, दाब कमी होतो, वर ऑक्साईडचा थर येतो जो करंट नीट जाऊ देत नाही, मग ते टोक तापतं, तापून फुगतं, थंड होऊन आक्रसतं, अजून सैल. बिल्डिंग बावीस वर्षांची, तो स्क्रू बावीस वर्षांत कोणी आवळला असेल असं वाटत नाही. त्याने केबलचं जळकं टोक कापलं, नवीन बायमेटल लग (ॲल्युमिनियमची तार दुसऱ्या धातूच्या पट्टीला जोडायचं टोक) प्रेसने बसवला, पट्टी घासली, स्क्रू नवीन, बाकीचे सगळे स्क्रूही आवळले आणि त्यातला अजून एक, दुसऱ्या मजल्याच्या फेजचा, अर्धा फेरा आत गेला. जाताना म्हणाला, सगळा मजला एका फेजवर कशाला ठेवलाय, वाटून घ्या. ते काम अजून झालेलं नाही, दिवाळीनंतर बघू असं चाललंय.

त्या रात्री परत तीच परीक्षा, खाली एसी आणि गीझर, वर मीटर. २३२ चा २३४. बस.

मग टीव्हीत तिसरी एमओव्ही टाकली, फ्यूज टाकला, सिरीज बल्ब चमकून विझला, लाल दिवा. मोठा कपॅसिटर मात्र एकदा बाहेर काढून बघितला, टीव्ही चालू असताना ३०७ सारखं एसी आलं असेल तर त्याच्यावर ४३० च्या वर डीसी गेलं असणार, ४५० वाल्यासाठी अगदी काठावर. डोकं फुगलेलं नव्हतं, मापही नीट आलं, ठेवला तोच. दुकानदाराचं ऐकून नुसता फ्यूज टाकला असता तर त्या नवव्या दिवशी बहुतेक हा कपॅसिटर आणि त्याच्यामागे पॉवर आयसी गेला असता, आणि मेकॅनिक खरा ठरला असता, ३,८००.

घरच्या डीबीमधे (एमसीबी असतात ती पेटी) एक ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घेतला, २६० च्या वर गेलं की पूर्ण घर तोडतो आणि नीट झाल्यावर थोडं थांबून जोडतो. त्यावर व्होल्टेजचा आकडा हिरवा दिसतो. सासरे आता रोज मॅच लावायच्या आधी पॅसेजमधे जाऊन तो वाचून येतात आणि हॉलमधे जाहीर करतात, "दोनशे एकतीस." स्टॅबिलायझर गप्प आहे.

इलेक्ट्रिशियनचे २,४०० झाले, बारा फ्लॅटमधे २०० प्रत्येकी. दहा जणांनी दिले. दुसऱ्या मजल्यावरच्या एकांचं म्हणणं असं की आमच्याकडे काहीच बिघडलं नव्हतं तर आम्ही का द्यायचे, आणि बंद फ्लॅटवाल्यांचा फोन लागत नाही.